बेचाळीस बगळे

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीचा पर्यावरण अहवाल तपासायला ती आली होती. त्यात कारखान्यामागच्या तळ्यावर तीन वर्षं दर महिन्याला बेचाळीसच बगळे नोंदवलेले होते. नोंद ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याला तिने कारण विचारलं.

"मोजायची आमची ही. मला कुठलं दिसतंय, ताई! ती वारली त्याच्या आदल्या दिवशी तिने सांगितलेला आकडाच लिहीत आलोय," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही बघता का जरा? आहेत ना अजून?"

काळ्या, फेसाळ पाण्यावर एकही पाखरू नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगायला तिची जीभ रेटेना.

"आहेत, काका. पुष्कळ आहेत."

माळी तळ्याकडे कान देऊन उभा राहिला.

"तीसुद्धा शेवटी शेवटी असंच सांगायची."