बिनआवाजाची गाडी

नुसतं ऐक रे दावा, मध्ये बोलू नकोस. सोलोंगोला मागणी घालायला तिच्या बाबांकडे निघालो ना, तर खिंडीपर्यंत माझी हायब्रिड धापा टाकत चढली, आणि उतार लागला तसं इंजिन बंद, गाडी बॅटरीवर गुपचूप खाली. थेट त्यांच्या तंबूच्या दारात.

म्हातारा बाहेर आला तो कुत्र्याकडेच बघत. "हा भुंकला कसा नाही?"

"काका, बॅटरीवर चालते. उतारावर आवाजच नाही हिला."

"अस्सं. परवाही नव्हता भुंकला. सकाळी बघतो तर एक मेंढी गायब."

"म्हणजे काका, तुम्हाला वाटतंय मी..."

"मला कुठं काय वाटतंय? खारा चहा घ्या, जावईबापू." असं म्हणत गाडीभोवती फिरतोय.

तेवढ्यात डिकीतून 'बेंऽऽ'. अरे, त्यांनाच भेट द्यायला सकाळी बाजारातून घेतली होती मी. म्हाताऱ्यानं डिकी उघडली, मेंढीचा कान धरला. कानाला मालकाच्या खुणेचे दोन काप. मग आपल्या कळपातली एक ओढून आणली आणि तिचा कान शेजारी धरला. तेच दोन काप.

सोलोंगो दारात उभी. तू काय सांगितलं असतंस?