विहिरीवरची बैठक

रेंज मिळायची ती फक्त विहिरीवर. म्हणून समुद्रजीवांची अभ्यासक साधना काठावरच्या निंबाखाली बसून मोबाइलवरून दोन शेजारी देशांच्या बैठकीत हजर होती. पातूरच्या काळ्या रानात बसून समुद्र वाचवायचा! एरवी तिला हसू आलं असतं, पण आता हसायला सवड नव्हती.

रामेश्वरजवळच्या उथळ समुद्रात गवत उगवतं. समुद्रगाय नावाचा भलामोठा, शांत प्राणी त्यावरच जगतो. दोन्हीकडच्या मासेमारी ट्रॉलरांची जाळी ते मुळासकट ओरबाडून नेतात. दोघांनी मिळून दोन महिने ट्रॉलर थांबवले, तर गवत पुन्हा मूळ धरेल. एवढंच तिला सांगायचं होतं, आणि आता तिचं नाव पुकारलं जाणार होतं.

पण विहीर सामायिक. एक मोटर तिच्या वडिलांची, खुशालरावांची. दुसरी शेजारच्या हरिहरकाकांची. आपण थांबलो तर दुसरा सगळं पाणी ओढून नेईल, या धास्तीनं दोन्ही एकदमच चालत. कानठळ्या बसत होत्या.

"बाबा, जराशी बंद करा ना. माहं बोलणं कोनाले आयकू येऊन नाही राहिलं."

"हरिहरले सांग पयले. त्यानं बंद केली का मी करतो. अन् तुही ते समुद्रातली गाय दूध तरी देते काय?"

ती पलीकडच्या काठावर धावली. "काका, पाया पडतो तुमच्या."

"तुह्या बापाले सांग पयले, पोरी. मले येडा समजली काय?"

इयरफोनमध्येही तेच चाललेलं. पलीकडचे म्हणत, आधी तुम्ही थांबवा. आपले म्हणत, आधी तुम्ही.

साधना ओरडून ओरडून बोलली. घसा बसला. "मॅडम, नुसता मशीनचा आवाज येतोय," एवढंच उत्तर आलं. मग बैठक पुढच्या महिन्यावर ढकलली गेली आणि स्क्रीन काळी झाली. तिनं इयरफोन काढून मांडीवर टाकले. किती वर्षं हेच चाललंय, देव जाणे.

तेवढ्यात मोटरींचा सूर बदलला. पाइपातून गढूळ पाणी आलं, मग नुसतीच हवा. विहीर आटली होती. मोटर जळेल म्हणून दोघेही धावले आणि दोघांनी एकदमच बटणं दाबली.

शिवार चिडीचूप झालं.

"घे, झाल्या दोन्ही बंद," खुशालराव तिथूनच ओरडले. "बोल आता."