जोडीचा श्वास

मधल्या म्युझिकला गायिका माइकपासून मागे सरकली आणि कोरसच्या रांगेनं ‘आ’ लावला. बालवाडीच्या बाईंनीही तोंड उघडलं. चांगलं ऐसपैस उघडलं. आवाज मात्र काढला नाही. काढायला तो होताच कुठे?

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाई कुजबुजल्यासारख्या बोलायच्या. वर्गातली चिल्लीपिल्ली त्यांच्या तोंडाशी कान आणून ऐकायची. सूर परत येईल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते. पण जुन्या हिंदी गाण्यांचं हे मंडळ बाईंना सोडवेना. ‘बोलताना घसा बसतो, गाताना मोकळा होतो,’ असं त्यांनी मंडळ बसवणाऱ्या मास्तरांना ठोकून दिलं. मास्तरांनी मान डोलावली. म्हणजे पटलं असणार, असं बाईंनी गृहीत धरलं आणि त्या दिवसापासून तालमीत नुसते ओठ हलवायला सुरुवात केली.

आज मात्र त्यांचा जीव विटला होता. समोर माणसं तिकीट काढून बसलेली आणि आपण नव्या साडीत उभं राहून त्यांना फसवतोय. कार्यक्रम संपला की मास्तरांना सांगून टाकायचं, माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या, असं ठरवूनच त्या घरून निघाल्या होत्या.

मास्तरांचा एकच दंडक होता. लांब सूर तुटता कामा नये. म्हणून त्यांनी रांगेत जोड्या लावून दिल्या होत्या. आपला श्वास संपत आला की शेजाऱ्याला हळूच कोपर मारायचं. आपण श्वास घेऊन परत येईपर्यंत त्यानं सूर धरून ठेवायचा. बाईंचे जोडीदार होते प्लंबरदादा, ढेरपोटे आणि अबोल. सोंग उघडं पडू नये म्हणून बाई त्यांना न चुकता कोपर मारायच्या. दादाही मान हलवून सूर धरून ठेवायचे. दादांनी मात्र बाईंना इतक्या तालमींत एकदाही कोपर मारलं नव्हतं. पाइपात फुंकून फुंकून दांडगी छाती कमावली असेल, असं बाईंना वाटायचं.

शेवटच्या कडव्याआधी पुन्हा कोरस आला. ढोलक थांबला, कीबोर्डही थांबला. या गाण्यात ती जागाच तशी होती, वाद्यं गप्प आणि नुसती माणसं. समोरच्या खुर्च्यांमधूनही कोणी कोणी गुणगुणायला लागलं होतं. बाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि त्यांच्या गळ्यातून काहीतरी निघालं.

खरखरीत होतं, बारीक होतं, पण सुरात होतं. बाई दचकल्या. थांबावं की काय, असंही वाटून गेलं, पण थांबायची छाती होईना, न जाणो सूर परत आलाच नाही तर. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

आणि तेवढ्यात त्यांच्या दंडाला कोपर लागलं.

दादांनी तोंड मिटलं होतं. नाकानं सावकाश, पोटभर श्वास घेत ते समोर बघत होते. जोडीचा सूर आता एकट्या बाईंच्या गळ्यावर होता. दादा परत येईपर्यंत बाईंनी तो सोडला नाही.

टाळ्या पडल्या. मध्यंतराचा पडदा पडला तसं बाईंनी दादांची बाही धरली.

“दादा, तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“मी गात नव्हते ते.”

“अहो बाई, शेजारचा नळ चालू आहे का बंद, एवढं तर कळतंच की मला.”

“आणि मास्तरांना?”

“त्यांनीच तर तुमचा सूर सगळ्यांना वाटून दिला. मी श्वास घेताना कधी माझ्या पलीकडच्या टेलरताईंनी धरायचं, कधी टोकाच्या दोघांनी. तुम्ही यायच्या आधी त्याची वेगळी तालीम व्हायची.”

बाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला. एवढी सगळी मंडळी मिळून आपल्याला उल्लू बनवत होती! आपणही त्यांच्याशी तेच करत होतो, हे लक्षात आलं तसं त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे वाहायला लागले.

“मग बोलला का नाहीत कोणी?”

“बोललो असतो तर तुम्ही आला असतात का?”

बाईंना खूप काही बोलायचं होतं. पण गळा पुन्हा बसला होता. त्यांनी दादांचा राकट हात दोन्ही हातांत घेतला. दादा अवघडून इकडेतिकडे बघायला लागले.

शेवटच्या गाण्याला मास्तर श्रोत्यांकडे वळले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “आता तुम्ही सगळे!” सगळा हॉल उभा राहिला. म्हातारे, तरणे, बेसूर, सुरेल, सगळे एकदम गायला लागले. रांगेनं त्यांच्या पाठीमागे ‘आ’ लावला. मास्तर पुन्हा रांगेकडे वळले आणि त्यांची नजर फिरत फिरत बाईंपाशी आली.

बाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवून सांगितलं, आता नाही. मास्तरांनी बरं म्हणून मान डोलावली. मग बाई ओठ घट्ट मिटून, रांगेत आपल्या जागी, सगळ्यांचं गाणं ऐकत उभ्या राहिल्या.