धुवायला आणलेला कोट

"काकू, आधी कुठे नोकरी करत होतात?" डॉक्टरने स्कॅन उजेडाच्या काचेवर लावत विचारलं.

"नोकरी? मी?" आईला हसू फुटलं आणि हसण्यातून खोकला. तो थांबेपर्यंत मुलगा तिची पाठ चोळत राहिला. "तीस वर्षं यालाच सांभाळतेय. रजासुद्धा नाही हो."

"दगडाची खाण, सिमेंट, गिरणी? फुफ्फुसाला असे व्रण धुळीत काम करणाऱ्यांना पडतात."

"माझ्या घरात धूळ? या एकदा बघायला."

डॉक्टर मुलाकडे वळली. "तुम्ही काय करता?"

"संशोधन. कार्बनच्या नॅनोनळ्यांवर." तो घाईघाईने पुढे म्हणाला, "पण मी सगळं पाळतो. मास्क, दुहेरी हातमोजे. त्यांची भुकटी कधी उघड्यावर तोलत नाही. गेल्याच महिन्यात माझा एक्स-रे झाला. अगदी स्वच्छ आला."

"फार जपून असतो," आई म्हणाली. "कोट घातल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाही. तिथे धुवायची सोय नाही, म्हणून शनिवारी घरी आणतो. त्याच्यावर ती काळी भुकटी असते ना, तशीच भिजवली तर बादलीभर पाणी काळं होतं. मग मी न्हाणीघराचं दार लावून घेते आणि आधी चांगला झटकते. घरभर उडायला नको."

"किती वर्षं?"

"पीएच.डी.ला लागला तेव्हापासून. सहा झाली की रे?"

प्रयोगशाळेच्या दारावरचा नियमांचा कागद मुलानेच टाइप केला होता. सांडलेली भुकटी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी, फडकं दोन पिशव्यांत बंद करावं. नव्याने येणाऱ्यांकडून तो हे पाठ करून घ्यायचा. चुकलं तर पुन्हा म्हणायला लावायचा. कोटाबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "अशी केस मी पाहिलेली नाही. यातलं तुम्हाला जास्त कळतं. एकदा आत गेलेलं हे बाहेर कसं काढतात?"

उंदरांवरच्या प्रयोगांचे शोधनिबंध त्याने वाचले होते. प्रत्येकात शेवटी उंदीर मारून फुफ्फुसं तपासलेली होती. बाहेर काढल्याचं त्याने कुठेच वाचलं नव्हतं.

"सांग ना रे," आईने त्याला कोपराने ढोसलं. मग डॉक्टरकडे बघून कौतुकाने म्हणाली, "येतं त्याला सगळं. लाजतोय."