ताकदीची गोळी

“अण्णांना रोगाचं नाव कळता कामा नये. ताकदीची गोळी म्हणायचं आणि हातावर ठेवायची.”

नवऱ्याचे हे शब्द सुनेने व्रतासारखे पाळले होते. जेवण झालं की सासऱ्यांच्या एका हातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. कधी खंड नाही. म्हणून डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचू लागले तेव्हा तीच आधी बोलली, “मी स्वतः देते हो.”

“मग पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्या कशा? अण्णा, गोळी घेता ना?”

अण्णा चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे हसले. “घेत होतो. चांगली ताकद आली. मग म्हटलं, एवढी ताकद घेऊन मला काय कुस्ती खेळायचीय? खालच्या मजल्यावरचा मास्तर, माझा दोस्त, पार चिपाड झालाय. हिची पाठ वळली की गोळी खिशात, आणि संध्याकाळी त्याच्या तोंडात. पण मेल्याला पचत नाही. ओकतो. पाय सुजलेत.”

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

“ताकदीची? कुणी सांगितलं?” डॉक्टरांनी विचारलं.

सुनेने मान खाली घातली.

मग डॉक्टरांनीच सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. गोळी नेमाने घेतली तर म्हातारपणीही वर्षानुवर्षं आटोक्यात राहणारा. आता तीच गोळी पुन्हा लागू पडेल की नाही, सांगता येत नाही. मास्तरांची मात्र आजच बंद करा, आणि त्यांना तपासायला घेऊन या.



घरी पोचेपर्यंत मुलगाच बोलत होता. “तुम्ही धसका घेतला असता, अण्णा. तुमच्या भल्यासाठीच लपवलं.”

“माझ्या भल्यासाठी,” अण्णा म्हणाले, “आणि भोगलं त्याने.”

सुनेने ताट वाढलं. अण्णांनी चार घास खाल्ले, गोळी मागून घेतली, तिच्या डोळ्यांदेखत गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. तिला बघवेना. मग ते चपला शोधू लागले.

“आत्ता कुठे निघालात?”

“मास्तराला शब्द दिलाय. गोळी का सोसत नाही ते डॉक्टरांना विचारून येतो म्हणालो होतो.”

“थांबा, मी येतो,” मुलगा उठला.

“नको. तू तिथेही ताकदीचीच म्हणशील.”

कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरू लागले.