उजवा मॅग्नेटो

"पंखा हलवू नका, काका. अजिबात नको," रुबिना म्हणाली.

सहदेवने दोरीला शेवटची गाठ मारली. शेडमध्ये उभ्या विमानाच्या पंख्याच्या एका पात्याला त्याने देवेशचे दोन्ही हात बांधले होते. देवेशच्या कपाळावर कोयत्याची मूठ बसली होती, तिथून रक्त भुवईत उतरत होतं.

"हलला तं काय व्हईल?" सहदेवने विचारलं.

"तेच तर शोधायचंय."

"मग शोध. माझी लेक सोनाली कशानं गेली ते शोध. ह्याच्यामुळं गेली असंल, तं हा इथून जित्ता जात नाय."

खालापूरच्या माळावरची धावपट्टी देवेशची, हे दोन माणसांचं विमानही त्याचंच. सोनाली आणि इंजिनांची कामं करणारी रुबिना, दोघी तिथे नोकरीला. सोळा दिवसांपूर्वी विमान उतरल्यावर ते शेडमध्ये ढकललं आणि पंख्यावर खोळ चढवायची म्हणून सोनालीने तो हाताने आडवा करायला घेतला. बंद इंजिन पेटलं. पंखा दोनच वेढे फिरला, तेवढे पुरले. भिंत रुबिनाने स्वतः घासली होती, तरी वरच्या पत्र्यावर अजून थेंब होते.

इंजिनाची किल्ली चालू राहिली, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. आज सकाळी विमानाचं सील निघालं आणि दुपारी सहदेव शेतावरून कोयता घेऊन आला.

त्याने रुमाल सोडला. आत किल्ली होती. "दवाखान्यात तिच्या कपड्यांसंगं दिली. तिच्या खिशात व्हती."

शेडची रीतच होती. पंख्याला हात लावणाऱ्याने आधी किल्ली काढून आपल्या खिशात टाकायची. आणि ती किल्ली 'बंद'वर आणल्याशिवाय निघतच नाही. म्हणजे सोनाली चुकली नव्हती.

रुबिनाने इंजिनाचं झाकण उघडलं, प्लगच्या वायरी ओढून काढल्या आणि मगच श्वास सोडला. आता पंखा हलला तरी चालणार होतं.

"ठिणगी देणारे हे दोन मॅग्नेटो, काका. डावा आणि उजवा. घरातली तार सुटली की दिवा विझतो. इथे उलटं आहे. किल्लीकडून येणारी तार मॅग्नेटोला गप्प बसवते. ती सुटली, तर किल्ली खिशात असली तरी मॅग्नेटो जिवंत. इंजिन आपण पेट्रोल तोडून थांबवतो, म्हणून उतरल्यावरही कुणाला कळलं नाही."

तिने आत बॅटरी मारली. उजव्या मॅग्नेटोची तार लोंबत होती.

"तुटली?"

"नाही. आटे शाबूत आहेत. तार आवळणारा वरचा नट नाहीये."

"गळून पडला असंल."

तिने खालच्या पत्र्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. "पडला असता तर इथेच सापडला असता."

देवेश हसला. "आदल्या दिवशी ह्या इंजिनात हात कुणी घातले होते, ते विचारा ना तिला."

"मीच," रुबिना म्हणाली. "इंजिन ठसकत होतं. दोन्ही तारा काढून तपासल्या."

"मग परत लावायला विसरली असशील, बाई."

रुबिनाचे हात थांबले. काढलेला प्रत्येक नट कोटाच्या डाव्या खिशात टाकायचा आणि झाकण लावण्याआधी खिसा उलटा करून बघायचा, ही तिची नऊ वर्षांची सवय. सोनाली चिडवायची, "तुझ्या खिशाला हार घाल गं एकदा." त्या दिवशी तेलाची नळी अंगावर फुटली, अर्धा तास धुण्या-पुसण्यात गेला, तरी शेवटी तिने खिसा उलटा केलाच होता.

"खिसा रिकामा होता," ती म्हणाली.

सहदेवने मान हलवली. "सोनू सांगायची तुझ्या खिशाचं."

रुबिना देवेशकडे वळली. "उडण्याआधी नुसत्या डाव्या मॅग्नेटोवर टाकून बघितलंत?"

"बघितलं की."

"इंजिनाचे फेरे किती घसरले?"

"घसरलेच नाहीत. एकदम टकाटक."

"घसरायला हवे होते. नाही घसरले, म्हणजे उजवा बंदच झाला नव्हता. वैमानिकाला पहिल्या महिन्यात शिकवतात हे."

"नाही लक्षात आलं. चालतंय म्हटल्यावर कोण बघतं?"

"आणि परवाना नसताना पाहुण्यांना पैसे घेऊन उडवता, मी तक्रार करते, असं सोनाली म्हणाली तेव्हा? तेव्हा काय म्हणालात?"

देवेशने दोरीला हिसडा दिला.

"मी सांगते. हात तोडीन म्हणालात. सगळ्यांसमोर."

"रागात बोललो गं! काका, आईशप्पथ, रागात. मला त्या नटाचं काय कळतंय? मी पाना धरलाय का कधी?"

"रुबिना." सहदेवचा आवाज चढला नाही. "नट आपसूक गेला का कुणी काढला? येवढंच सांग."

कोयता त्याच्या मांडीशी टेकलेला होता. आपल्या उत्तरावर काय अवलंबून आहे, हे तिला कळत होतं. तिने वर पत्र्याकडे बघितलं. थेंब काळे पडले होते.

"कुणीतरी काढला."

पहिला घाव खांद्यात बसला. देवेश तिचंच नाव घेऊन ओरडला. दुसरा मानेत उतरला आणि ओरडणं थांबलं. त्याचे पाय गळाले, दोरीला वजन आलं, पंखा त्याला घेऊन अर्धा फिरला. या वेळी इंजिन गप्प राहिलं.

सहदेव कोयता हातातच धरून खाली बसला. "झालं गं सोनू," तो म्हणाला. "झालं."

देवेशच्या घशातून अजून घरघर येत होती. जखमेवर काहीतरी दाबायला हवं होतं. रुबिना मागच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे धावली. तिथे तिचा निळा कोट लटकत होता. आदल्या दिवशीच्या त्या कामात मध्येच तेलाने माखला म्हणून तिने तो काढून टाकला होता आणि दुसरा चढवला होता. तिने तो ओढला, मानेवर दाबायला त्याची घडी घातली, तेव्हा डाव्या खिशातून एक पितळी नट निसटला, फरशीवर टणटणत गेला आणि सहदेवच्या पायाशी थांबला.