किल्ल्यांचं कडं

ती घोरत होती.

तासाभरात तिला ऑपरेशनला नेणार होते. पोटात मुठीएवढी गाठ होती, ती कसली हे काढल्यावरच कळणार होतं, आणि बाई गालाखाली हात घेऊन ढाराढूर झोपली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने दोनदा मान उंचावून पाहिलं. नंबर तिचाही आजच होता, पण ती सकाळपासून टक्क जागी होती.

नवरा स्टुलावर ताठ बसला होता. उभी हयात कारखान्याच्या फाटकावर पहारा केलेला माणूस. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पहारा काही सुटला नव्हता. वॉर्डात आल्या आल्या त्याने खिडकीची कडी हलवून पाहिली, खाटेची चाकं अडकवलीत का ते वाकून पाहिलं, इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सला "कसलं, कोणी सांगितलं" म्हणून फाटकावर अडवावं तसं अडवलं. नर्स हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला कळलं नाही. झोप त्याच्याकडे पाहुण्यासारखी यायची आणि बूड न टेकता परत जायची.

त्याला बायकोचा राग आला. खरं सांगायचं तर राग कमी, हेवाच जास्त.

"अगं," त्याने तिला हलवलं, "झोप कशी लागते तुला?"

तिने डोळे उघडले. "न्यायला आले?"

"नाही अजून."

"मग कशाला उठवलंत?"

"भीती नाही वाटत?"

"सकाळी वाटत होती. हातपाय गार पडले होते. मग येशूला सगळं सांगितलं. गाठीचं सांगितलं, थोरलीच्या बाळंतपणाचं सांगितलं. तुम्हाला साधा गॅस पेटवता येत नाही, तेही सांगितलं. आमेन म्हटलं आणि झोपले."

"प्रार्थना मीसुद्धा केली."

"केलीत की. आणि आमेन म्हणून उठलात ते थेट कडी बघायला गेलात."

शेजारची बाई खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"तुमच्या त्या जुडग्यासारखं आहे हे," बायको म्हणाली, आणि तो ओशाळला. फाटकावर पाळी बदलताना किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, "सगळं ठीक" म्हणायचं आणि मागे न बघता घरी जायचं, असा तिथला नियम होता. त्याने नियम मोडला नाही कधी. फक्त कडं त्याच्या हातून सुटायचं नाही. किल्ल्या समोरच्याच्या मुठीत, कडं याच्या बोटात, आणि सूचना चालूच. शेवटी एकदा बदलीचा माणूस म्हणाला होता, "काका, दिल्यात ना? मग सोडा की." हे घरी येऊन रागारागाने त्यानेच बायकोला सांगितलं होतं. झाकली मूठ ठेवली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आता वाटलं.

"किल्ल्या देवाच्या हातात देता, पण कडं सोडत नाही तुम्ही. मग दोघांचाही खोळंबा."

"आणि काही वाईट निघालं तर?"

"तरी त्याच्याच हातात आहे ना मी? डोळे उघडले तर समोर तुम्ही असाल, नाही तर तो असेल. दोन्हीकडे माझं माणूस आहे." एवढं बोलून तिने पुन्हा कूस बदलली.

तो तिच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याला तिचा अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं हिच्या शेजारी आपण नुसते जागत बसलो याचं वाईटही वाटलं. शांती हा शब्द त्याने चर्चमध्ये लाख वेळा ऐकला होता. ती घोरते, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग स्ट्रेचर आलं. तो दांडी धरून सोबत चालू लागला. दात काढून ठेवलेत, डाव्या हाताला शीर सापडत नाही, तिला थंडी फार वाजते, असं वाटभर वॉर्डबॉयला सांगत गेला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं.

"आजोबा, सोडा आता."

हात सुटेना. बायकोने त्या मुठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने बोटं सैल केली. दुसऱ्याचीच बोटं उलगडावीत तसा वेळ लागला.

"सगळं ठीक," तो म्हणाला. हे कोणाला, ते वॉर्डबॉयला कळलं नाही.

तो मागे न बघता बाकावर येऊन बसला. दार नीट लागलं का ते बघायला अर्धवट उठला. परत बसला. "आमेन," एवढंच म्हणाला, आणि पाठ टेकली.

नर्सने खांदा हलवला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. "आजोबा, गाठ निघाली. आजी शुद्धीवर आल्यात. तपासणीचा निकाल पुढच्या आठवड्यात."

तिला वाटलं, आता हे दहा प्रश्न विचारतील. त्याने एकही विचारला नाही.

"आजी सारखं विचारतायत, ह्यांचा डोळा लागला का म्हणून. काय सांगू?"

तो चेहऱ्यावरून हात फिरवत उठला. "सांगा, कडं सोडलं म्हणावं."

नर्सला काही उमगलं नाही. तिने निरोप जसाच्या तसा आत नेला. थोड्या वेळाने दाराआडून तिचाच आवाज आला, "आजी, हसू नका, टाके दुखतील."